थांबू शकणाऱ्यांची यादी

मार्चच्या शेवटी आमचा वॉर्ड गेला.
गेला म्हणजे, एका दुपारी बारा खाटा ढकलत नेल्या,
भिंतीतून ऑक्सिजनच्या जादा नळ्या ओढल्या,
आणि मला बसवलं एक्स-रेच्या जुन्या खोलीत,
खिडकी नाही, एक फोन,
आणि यादी.
त्रेसष्ट नावं. मूत्राशय, प्रोस्टेट, किडनी.
सगळे पसरलेले; बरं होण्याची भाषा
ज्यांच्याशी आम्ही आधीच सोडली होती.
डॉक्टर ब्रिझिदा म्हणाल्या, ग्रासिएत, पेन्सिलीनं लिही.

तीन रकाने:
यायलाच हवं. फोनवर भागेल. थांबू शकतो.

ओझोरियूंचं महिन्याचं इंजेक्शन सहा महिन्यांचं झालं.
ते म्हणाले, मग इतकी वर्षं मी उगाच खेपा घातल्या?
किडनीवाल्या बाईंच्या गोळ्या पोस्टानं निघाल्या,
पोस्टमन पाकीट लिंबाच्या फांदीला अडकवून
हॉर्न वाजवून पळाला.

बेल्मिरो रेबोशू. चौऱ्याहत्तर. आवेइरोच्या खाजणात मिठागर.
मूत्राशयातून हाडांत.
पाठीतून दोन नळ्या, मांडीला दोन पिशव्या.
सहांपैकी तीन केमो झालेल्या,
चौथी नऊ एप्रिलला.
मी समजावलं: औषधानं पांढऱ्या पेशी उतरतात,
अशा माणसाला सध्या आमच्या दारातून आत घेणं म्हणजे...
वाक्य त्यांनी पुरं केलं:
म्हणजे पावसात मीठ राखणं.

आणि हसले. थांबायचं मला शिकवू नका, बाई.
आयुष्यभर तेच केलं.
पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडायचं
आणि बांधावर बसायचं.

मी तिसऱ्या रकान्यात नाव लिहिलं.
थांबू शकतो.
शकतो, जणू ते त्यांच्या मनगटातलं बळ होतं.

मे महिन्यात पुन्हा फोन केला, पुन्हा पुढची तारीख दिली.
मागे फावड्याचा आवाज येत होता, चिखल उपसत होतं कुणीतरी.
एक सांगायचं राहिलं, ते म्हणाले.
मीठ धरलं की त्याच दिवशी ओढून घ्यावं लागतं.
नाहीतर मागे उरलेलं कडू पाणी
मिठावर बसतं. मग ते धुऊन जात नाही.
मी म्हटलं, डॉक्टरांच्या कानावर घालते.
घातलंही. त्या तेव्हा पोटावर पालथ्या घातलेल्या
सात पेशंटांमधून येत होत्या,
मास्कचे वळ गालांवर. नुसती मान हलवली.

जूनमध्ये ताप चढला, तेव्हा आले.
तीन महिन्यांनी बदलायची नळी पाच महिने आत होती.
देओलिंदा फाटकाशी, पिशवीत त्यांचा रेझर आणि चष्मा,
आत सोडत नव्हते.
नळी काढली. टोकाशी पांढरे, टोकदार स्फटिक,
अगदी दाट.
बेल्मिरोंनी ती ट्रे जवळ मागितली,
वाकून बघत राहिले,
मग म्हणाले: यंदा पीक लवकर आलं.

मी हसले. कसं हसू आलं, देव जाणे.

स्कॅनमध्ये यकृत.
चौथी केमो मग कुणी लिहिलीच नाही.
एप्रिलमध्ये दिली असती तर?
डॉक्टर ब्रिझिदा म्हणाल्या, कदाचित असंच झालं असतं,
कदाचित एक उन्हाळा मिळाला असता.
कुणालाच माहीत नाही, ग्रासिएत, आणि ते खरं आहे.
उत्तरेचा वारा सुटायच्या आधी ते गेले.
अंत्यविधीला पाच जणांना परवानगी होती.

सप्टेंबरात देओलिंदानं फाटकावर पिशवी ठेवली, माझ्या नावाची.
गार्डनं नियमाप्रमाणे तीन दिवस कोपऱ्यात पडू दिली.
दोन किलो मीठ. त्यांच्या पुतण्यानं ओढलेलं,
किंचित करडं, नवख्या हाताचं.

यादी माझ्या खणात आहे.
तिसरा रकाना मी कितीदा खोडला,
कागद तिथे पातळ झालाय,
दिव्यासमोर धरला तर त्यातून बोटं दिसतात.